मोळीचा गुन्हा

प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. नदीकाठी झाड तोडता तोडता त्याची कुऱ्हाड पाण्यात पडते, जलदेवता वर येते, त्याला सोन्याची कुऱ्हाड दाखवते, मग रुप्याची, आणि तो गरीब माणूस दोन्ही नाकारून आपली लोखंडी कुऱ्हाड मागतो. दुसऱ्याची वस्तू घेणे ही चोरी, हा धडा मुलांच्या मनावर पक्का बसतो. मात्र ‘गुरुजी, ते झाड कोणाचे होते?’ असा प्रश्न कोणत्याही वर्गात कोणा मुलाने विचारल्याचे ऐकिवात नाही. गोष्ट जन्मली त्या काळात तो पडण्याचे कारणही नव्हते. रान होते, नदी होती, आणि ज्याच्या हाती कुऱ्हाड त्याला सरपण होते. आज तोच लाकूडतोड्या एखाद्या राखीव जंगलात शिरला, तर जलदेवतेच्या आधी जंगलगार्ड हजर होईल, आणि लोखंडी कुऱ्हाडसुद्धा पंचनाम्यात जाईल.

माणूस तोच, झाड तेच, कुऱ्हाडीचा घावही तोच. मग मधल्या काळात गुन्हा कोठून आला?

गुन्हा म्हणजे काय, असे कोणालाही विचारले तर उत्तर तयार असते: कायदा मोडणे म्हणजे गुन्हा, आणि कायदा म्हणजे सर्व समाजाने सर्वांच्या भल्यासाठी स्वतःला घालून घेतलेले बंधन. हे उत्तर खोटे नाही. खून करू नये, दुधात पाणी घालू नये, याबद्दल राव आणि रंक यांचे दुमत होण्याचे कारण नाही. (दूधवाल्याचे होईल, पण तो अपवाद सोडून द्या.) परंतु गेली दीड-पावणेदोनशे वर्षे एक दुसरेही उत्तर दिले जात आहे. ते असे की, समाजात हितसंबंध एक नसतात, अनेक असतात, आणि ते एकमेकांवर आदळत असतात. जमीन ज्याची आहे त्याचे हित वेगळे, ती कसणाऱ्याचे वेगळे. यांपैकी ज्याचे हात सत्तेपर्यंत पोचतात, तो आपल्या हिताभोवती कुंपण घालतो आणि त्या कुंपणाला कायदा असे नाव देतो. कुंपणाबाहेर राहिलेला माणूस काल जे करीत होता तेच आजही करतो. पण आज तो गुन्हेगार असतो. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला संघर्षवादी दृष्टी म्हणतात, आणि तिचे कूळ शोधीत गेले की आपण कार्ल मार्क्सपाशी येऊन पोचतो.

मार्क्सचे नाव काढले की आपल्याकडे काही वाचक पान उलटतात आणि काही मूठ उगारतात. दोघांनाही विनंती की थोडा वेळ थांबावे. कारण आपण ज्या मार्क्सकडे जात आहोत तो ‘भांडवल’ लिहिणारा दाढीवाला ऋषी नव्हे, तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलेला चोवीस वर्षांचा तरुण आहे, आणि त्याच्या टेबलावर जळाऊ काटक्यांचा प्रश्न पडलेला आहे.

ऱ्हाइनकाठच्या काटक्या

सन १८४२. प्रशियाच्या राज्यातला ऱ्हाइन प्रांत. कोलोन शहरातून ‘ऱ्हायनिश त्सायटुंग’ नावाचे पत्र निघे आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मार्क्स त्याचा संपादक झाला. प्रांतिक सभेत एका विधेयकावर चर्चा होऊन गेली होती. विषय साधा होता: रानात वाऱ्याने मोडून पडलेल्या वाळक्या फांद्या जे लोक वेचून नेतात, त्यांना चोर म्हणावयाचे की नाही?

शेकडो वर्षांची वहिवाट अशी होती की, उभे झाड मालकाचे आणि पडलेली काटकी गरिबाची. पण एकोणिसाव्या शतकात लाकडाला भाव आला. कारखान्यांना लाकूड हवे, खाणींना हवे, जहाजांना हवे. रानांचे मालक हिशेबाला बसले, आणि काल ज्या काटकीकडे त्यांनी ढुंकून पाहिले नव्हते तिच्यात त्यांना पैसा दिसू लागला. तिकडची थंडी कडक. गरीब माणसाचे सरपण तर थांबत नाही. परिणाम काय झाला तो आकड्यांत पाहा. १८३६ साली प्रशियात सुमारे दोन लाख सात हजार फौजदारी खटले झाले. त्यांपैकी दीड लाखाच्या घरात खटले लाकूडचोरीचे आणि जंगलातल्या तत्सम गुन्ह्यांचे होते. एवढा मोठा देश, एवढे तत्त्वज्ञ, एवढे संगीतकार, आणि न्यायाधीशांचा बहुतेक वेळ मोळ्या मोजण्यात!

सभेतली चर्चा मार्क्सने वाचकांपुढे मांडली ती मोठी झणझणीत आहे. एका सभासदाचे म्हणणे असे पडले की, या गोष्टीला लोक चोरी समजत नाहीत म्हणूनच ती इतकी वारंवार घडते. सबब तिला चोरीच म्हणा. मार्क्सने विचारले, मग थोबाडीत मारणेही वारंवार घडते. त्याला खून का म्हणू नये? त्याचा मूळ मुद्दा असा होता: झाडापासून गळून पडलेली फांदी ही सापाने टाकलेल्या कातीसारखी. सापाची मालकी सांगणाऱ्याने कातीवर हक्क का सांगावा? सभेत रानबोरांचाही विषय निघाला. गरिबांची पोरे रानात बोरे वेचीत, त्यांनाही आता मनाई. कारण एका भागात ती बोरे व्यापाराची वस्तू झाली होती आणि पिंपे भरून हॉलंडला जात होती!

पण विधेयकाची खरी गोम पुढेच आहे. चोरीच्या मालाची किंमत कोणी ठरवावी? तर मालकाच्या पगारी रखवालदाराने. दंड कोणाला मिळावा? सरकारला नव्हे, रानमालकाला. आणि दंड भरता आला नाही तर? तर गुन्हेगाराने मालकाच्या कामावर राबून तो फेडावा. म्हणजे चार आण्यांच्या काटक्या गेल्या की मालकाला किंमत मिळणार, वर दंड मिळणार, शिवाय फुकटचा मजूर मिळणार. चोरी होणे हाच त्याच्या फायद्याचा धंदा झाला. फिर्यादी तोच, साक्षीदार त्याचाच, आणि दंडाची पावती त्याच्याच खिशात. राज्यसंस्था रानमालकाची चाकर झाली, एवढेच मार्क्सला सांगावयाचे होते, आणि ते सांगण्यास त्याला कोणतेही जडजंबाळ तत्त्वज्ञान लागले नाही. विधेयकाची कलमे पुरली. पुढे १८५९ साली त्याने स्वतःच लिहिले की, आर्थिक प्रश्नांकडे आपण पहिल्यांदा वळलो ते या लाकूडचोरीमुळे. वर्तमानपत्र मात्र १८४३ च्या मार्चअखेर बंद पडले. प्रशियन सरकारला एवढा चोख हिशेब परवडणारा नव्हता.

या बीजाचा पुढे विसाव्या शतकात वृक्ष झाला. विल्यम चॅम्ब्लिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली इंग्लंडातल्या भटकेपणाच्या कायद्याचा इतिहास उकलून दाखवला. प्लेगच्या महामारीत मजूर मेले, उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली, आणि लगेच १३४९ साली धडधाकट भिकाऱ्याला भीक घालणे हा गुन्हा ठरला. दयाधर्म गुन्हा झाला, कारण जमीनदाराला कमी मजुरीत माणूस हवा होता. एडविन सदरलंडने १९३९ साली ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ हा शब्द रूढ केला. तो काही मार्क्सवादी नव्हता. पण सत्तर मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या कायदेभंगाची जंत्री त्याने केली, तेव्हा १९४९ साली पुस्तकातून त्या कंपन्यांची नावे गाळावी लागली. ती छापली गेली १९८३ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. पाकीटमाराचे छायाचित्र पोलीस चौकीवर लावण्यास इतका वेळ लागत नाही.

बॉनहून मुंबई इलाख्यात

कोणी म्हणेल, हे सारे तिकडचे. तर ऱ्हाइनकाठ आणि आपल्या सह्याद्रीचा डोंगर यांच्यामध्ये एक जिवंत धागा आहे, आणि त्याचे नाव डीट्रिश ब्रँडिस. याचा जन्म १८२४ सालचा, बॉन शहरातला. त्याच ऱ्हाइन प्रांतातला, आणि त्याच बॉनच्या विद्यापीठात मार्क्सने विद्यार्थी म्हणून एक वर्ष काढले होते. ब्रँडिस वनस्पतिशास्त्राचा पंडित. तो आधी ब्रह्मदेशात आला आणि १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला जंगल इन्स्पेक्टर जनरल झाला. रेल्वेला रुळांखालचे ओंडके हवे होते आणि त्यासाठी साहेबाला जंगल हवे होते.

परंतु ब्रँडिसविषयी न्यायाने बोलले पाहिजे. गावकऱ्यांची वहिवाट मोडू नये, गावाला त्याचे रान राखून द्यावे, असे म्हणणारा साहेब तोच होता. त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला बेडन-पॉवेल. (बालवीर चळवळ काढणाऱ्याचा हा वडील सावत्र भाऊ.) त्याचे म्हणणे असे की, ज्या वहिवाटीची सरकारदरबारी नोंद नाही तो हक्कच नव्हे, ती केवळ सवलत, आणि सरकार वाटेल तेव्हा ती काढून घेईल. वाचकहो, ‘हक्क’ आणि ‘सवलत’ या दोन शब्दांतला फरक मराठीच्या तासाला दोन मिनिटांत सांगून होतो. पण त्या फरकापायी लाखो लोकांच्या चुली विझल्या. १८७८ चा जंगल कायदा झाला तो बेडन-पॉवेलच्या वळणाचा. राखीव जंगलात, जे स्पष्टपणे दिलेले नाही ते सगळे मना. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच वर्षी सरकारकडे अर्ज केला की, रान राखावयाचे असेल तर गावकऱ्याला विश्वासात घ्या. अर्ज दप्तरी राहिला. पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात फॉरेस्ट खात्याने डोंगरदऱ्या गिळल्याने गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार आहेच. मार्क्सचे कोलोनमधले लेख त्यांच्या पाहण्यात असण्याचा संभव नाही. ज्याच्या शेळीला कुंपणाने अडवले त्याला कुंपण कोणाचे हे पुस्तक न वाचताही समजते.

कायद्याने एका बाजूला निरुपद्रवी गोष्टीचा गुन्हा करावा, तसे दुसऱ्या बाजूला खऱ्या गुन्ह्याकडे डोळेझाक करावी. या दुसऱ्या बाजूचा दाखला ठाणे जिल्ह्यात मिळतो. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमाप्रमाणे गुन्हा होता. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. तरीही १९४५ साली गोदावरी परुळेकर उंबरगाव-डहाणूच्या बाजूला गेल्या, तेव्हा वारली माणसे जमीनदाराच्या शेतात राजरोस वेठीने राबत होती. पंचाऐंशी वर्षे ते कलम छापील पानावर निवांत झोपलेले! वेठीला नकार देऊन वारली उठले, तेव्हा मात्र कायदा ताडकन जागा झाला, आणि त्या ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोदावरीबाई स्वतः कायदा शिकलेल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाचे बळ मला त्यातच वाटते. कलम काय म्हणते हे त्यांना ठाऊक होते, आणि ते कोणासाठी जागे होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आणि जन्मच गुन्हा ठरवावा, ही परमावधीही आपल्याकडे झाली. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर लागू झाला. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे तिथल्या कापडगिरण्यांत कामाला जात, म्हणजे कुंपणाच्या आत पहारा आणि कुंपणाबाहेर स्वस्त मजूर. भुकेल्या गावासाठी धान्य लुटणारा अण्णाभाऊ साठ्यांचा फकिरा आपल्याला १९५९ साली भेटला. सरकारच्या वहीत तो दरोडेखोर, गावाच्या तोंडी तो वीर. एकाच माणसाची ही दोन नावे वाचली की संघर्षवादी दृष्टी वेगळी शिकवावी लागत नाही. कायदा १९५२ साली रद्द झाला खरा, पण ‘सराईत गुन्हेगार’ या नव्या पाटीखाली जुनी हजेरी चालूच राहिली. तुरुंगाच्या नियमपुस्तकांतून या जमातींवरचे असले शिक्के पुसा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ च्या ऑक्टोबरातही सांगावे लागले.

सरवा आणि गोळी

इथवर वाचून पहिल्या प्रकारचे वाचक चिडले असतील आणि दुसऱ्या प्रकारचे खूश झाले असतील. आता उलट होणार आहे.

या दृष्टीतला एक दोष तर उघड आहे. गरिबाच्या घरी होणारी चोरी बहुधा गरीबच करतो, आणि दारुड्याच्या हातून मार खाणारी बाई ही काही सत्ताधारी वर्ग नव्हे. चाळीतल्या मोलकरणीच्या गळ्यातले दोन मणी हिसकावणाऱ्याला वर्गसंघर्षाचा सैनिक म्हणणे हा तिच्या रडण्याचा अपमान आहे. अशा वेळी तिला पोलीस हवाच असतो, आणि तो वेळेवर हवा असतो.

दुसरा दोष इतिहासाने दाखवला. रशियात क्रांती झाली, मालक गेले, जमीन सर्वांची झाली. मग चोरी कशाची आणि कोणाची? ७ ऑगस्ट १९३२ रोजी स्टालिनच्या सरकारने फर्मान काढले: सामुदायिक शेतीचा माल चोरणाऱ्याला गोळी, परिस्थिती सौम्य असेल तर कमीत कमी दहा वर्षे कैद. दुष्काळाचे दिवस होते. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसे भुकेली माणसे वेचीत होती. आपल्याकडे याला सरवा वेचणे म्हणतात, आणि सरवा वेचणाऱ्या बाईला हटकणारा शेतकरी गावात कद्रू ठरतो. तिथे ती कायद्याने वैरी ठरली. लोकांनी त्या फर्मानाला ‘पाच कणसांचा कायदा’ हे नावच दिले. नव्वद वर्षांपूर्वी काटकी वेचणाऱ्याची बाजू घेऊन ज्याने लेखणी उचलली, त्याची तसबीर भिंतीवर लावून हे फर्मान निघाले. येव्गेनी पाशुकानिस हा मार्क्सच्या कायदाविचाराचा सर्वांत तल्लख भाष्यकार. कायदा हा बाजारातल्या देवघेवीचाच एक आविष्कार आहे, समाजवादात तो विरून जाईल, असे त्याने १९२४ साली लिहिले होते. १९३७ साली त्यालाच गोळी घातली गेली. मालक बदलला म्हणून कुंपण आपोआप पडत नाही.

इंग्लंडातला इतिहासकार ई. पी. टॉम्पसन याला हे चांगले कळले होते. तो मार्क्सवादीच, पण हंगेरीवर रशियन रणगाडे चालले तेव्हा १९५६ साली कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडलेला. त्याने १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’चा शोध घेतला. तोंडाला काळे फासून रानात हरीण मारणारे, उमराव लोकांच्या तळ्यांचे बांध फोडणारे, कोवळी झाडे तोडणारे, अशा सर्वांना फाशी देणारा हा कायदा. एका दमात पन्नासएक गुन्हे फाशीच्या यादीत गेले. १९७५ सालच्या ग्रंथात टॉम्पसनने दाखवले की, हा कायदा धनिकांनी स्वतःच्या कुरणांसाठीच केला होता. पण ग्रंथाच्या अखेरीस तो अचानक एक वळण घेतो आणि म्हणतो की, तरीही कायद्याचे राज्य ही मानवजातीची खरी कमाई आहे. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. कायद्याला न्यायाचे सोंग वठवावयाचे तर अधूनमधून न्याय करावाच लागतो. नाहीतर सोंगावर कोण विश्वास ठेवील? आणि एकदा नियम लिहून ठेवला की तो लिहिणाऱ्यालाही अडवतो. त्याच्या या निष्कर्षावर त्याचेच डावे मित्र रागावले. माझे मत विचाराल तर या सगळ्या मंडळींत टॉम्पसनच सर्वांत दूरवर पाहणारा होता, आणि त्याचा दाखला पाहावयास गडचिरोली जिल्ह्यात जावे लागते.

बांबू हे झाड की गवत?

धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. आजूबाजूच्या रानात बांबू. १९२७ च्या जंगल कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला. वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारा, तो सांगेल की बांबू हे गवत. कायद्याला विचारा, तो सांगे की झाड. गवत असते तर गावाचे, झाड असल्यामुळे खात्याचे. पडलेली फांदी झाडाची की गरिबाची, हाच ऱ्हाइनकाठचा वाद, फक्त गोंडी मुलखात.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच कबुली आहे की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. गौण वनोपजाची व्याख्या वाचण्यासारखी आहे: त्यात बांबू आहे, मध आहे, तेंदूपान आहे, आणि झुडपी जळाऊ लाकूड व खुंटसुद्धा नावानिशी आहेत. २००९ साली मेंढा-लेख्याला सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी खाते अडून बसले; वाहतुकीचा पास आम्हीच देणार आणि बांबूला तो देणार नाही, कारण बांबू हे लाकूड. गाव कोर्टकचेरीच्या भाषेत तरबेज झाले होते. अभ्यासगट बसत, कलम वाचत, त्यावर वाद घालत, आणि हे कलम असे म्हणते, असे लेखी विचारत. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पासावर सही आता ग्रामसभेची. २०१७ साली १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला. या व्याख्येवर नव्वद वर्षे खटले, दंड आणि जप्त्या चालल्या होत्या.

सगळीकडे मेंढा-लेख्यासारखे झाले, असे समजू नये. वनहक्काचे लाखो दावे देशभर फेटाळले गेले. फेटाळलेल्या दावेदारांना रानातून बाहेर काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला, आणि देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो तहकूब करून राज्यांना विचारले की, दावे फेटाळले ते कोणी, कोणत्या पुराव्यावर, आणि फेटाळताना गावाच्या ग्रामसभेला विचारले होते काय.